शेवटच्या चार ओळी



परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षण करण्याचा योग आम्हां शिक्षकांना दर वर्षी येतो. शेवटची दहा मिनिटे उरल्याची घंटा झाली, की इतका वेळ शांत असलेल्या त्या वर्गाचे रूप क्षणात पालटते. संथपणे चाललेली पेने धावू लागतात, पाने फडफडतात, कोणी पुरवणी मागतो, कोणी ती बांधण्यासाठी दोरा शोधतो. या धांदलीत अनेक गोष्टी चुकतात. परंतु सर्वांत अधिक हाल होतात ते निबंधाच्या शेवटाचे. पुष्कळ मुले निबंध सर्वांत शेवटी लिहावयास घेतात, आणि निबंधाचा शेवट तर त्याहूनही शेवटी येतो. मग कुठले तरी एक पाठ केलेले वाक्य घाईघाईने खाली टाकले जाते, आणि घंटा होते.

या शेवटच्या चार ओळींविषयी आज मला बोलावयाचे आहे. विषय लहान आहे, हे मी जाणते. पण बेळगावकडच्या मराठी शाळांतून वीस वर्षे मराठी शिकविल्यानंतर मला असे वाटू लागले आहे, की मुलाने निबंध खरोखर लिहिला की नुसता भरून काढला, हे त्या चार ओळींतच कळते.

आरंभी माझी स्वतःचीच एक चूक सांगितली पाहिजे. कित्येक वर्षे मी माझ्या विद्यार्थ्यांना निबंधांचे शेवट तयार करून देत असे. ऋतूवरील निबंधाला एक शेवट, सणावरील निबंधाला एक, आत्मवृत्ताला एक. मुले ते वहीत उतरवून घेत, पाठ करीत आणि परीक्षेत जसेच्या तसे लिहीत. शेवट चुकण्यापेक्षा तयार शेवट बरा, असा माझा हिशेब होता, आणि गुणांच्या दृष्टीने तो अगदीच खोटा होता असेही नाही.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात आपल्या जिल्ह्यात महापूर आला. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांनी काठावरच्या शेकडो गावांची काय दशा केली, हे आपणांपैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. पुढे सहामाही परीक्षेत 'पावसाळा' असा निबंध आला. नदीकाठच्या एका गावातून आमच्या शाळेत येणाऱ्या मुलीने त्यावर दीड पान लिहिले होते. लहानपणी पावसाचा आवाज आला, की आपण खिडकीशी कशा धावत जात असू, येथून तिने आरंभ केला होता. मग त्या वर्षीची ती रात्र आली. पाणी उंबऱ्याशी आले, उंबरा ओलांडून चुलीपर्यंत आले, वडिलांनी म्हशीचे दावे सोडून दिले, आजीला खाटेसकट उचलून शाळेच्या इमारतीत नेले. एकही अलंकार नसलेले ते लेखन मी श्वास रोखून वाचीत गेले. आणि सर्वांत खाली तिने लिहिले होते: 'असा हा आनंददायी पावसाळा लहानथोरांना हवाहवासा वाटतो.'

ते वाक्य माझे होते. मीच ते वर्गात सांगितले होते. आणि त्याहूनही लाजिरवाणी गोष्ट अशी, की वाचता वाचता सवयीने मी त्यावर बरोबरची खूण करून पुढची उत्तरपत्रिका हाती घेतली. दोन उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर माझ्या ध्यानात आले, की आपण काय केले. पाण्यात घर गेलेल्या मुलीने पावसाळ्याला आनंददायी म्हटले होते, आणि तिच्या बाईंनी त्याला 'बरोबर' म्हटले होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारले, "बाळ, हा शेवट तुला खरा वाटतो का?" ती गोंधळली. म्हणाली, "नाही बाई. पण शेवट तुम्ही सांगितलेलाच लिहायचा असतो ना?"

त्या दिवसापासून मी तयार शेवट देणे बंद केले. त्या मुलीने पुढे काय लिहिले, ते मी माझ्या बोलण्याच्या अखेरीस सांगेन. तत्पूर्वी शेवट म्हणजे काय, याचा थोडा विचार करू.

निबंधाच्या शेवटाला आपण उपसंहार म्हणतो. या शब्दाचा मूळ अर्थ जवळ आणणे, आवरून एकत्र करणे असा आहे. शेतकरी दिवसभर रानात पसरलेली गुरे संध्याकाळी जशी एकत्र करून गोठ्याकडे वळवितो, तसे हे काम आहे. पुष्कळ विद्यार्थी मात्र उपसंहारातला 'संहार' तेवढाच करतात!

आपल्या पूर्वीच्या शास्त्रकारांनी या जागेला केवढे महत्त्व दिले होते, ते पाहण्याजोगे आहे. एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य कसे ओळखावे, यासाठी मीमांसकांनी ज्या कसोट्या सांगितल्या, त्यांत पहिली कसोटी उपक्रम आणि उपसंहार यांची आहे. म्हणजे ग्रंथाचा आरंभ आणि शेवट एकमेकांशी ताडून पाहावे. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या पहिल्याच प्रकरणात या कसोट्यांची चर्चा केली आहे. ग्रंथाला लागू पडणारे हे माप आपल्या दीड पानाच्या निबंधालाही लागू पडते. निबंधाचा पहिला परिच्छेद आणि शेवटचा परिच्छेद एवढेच वाचून पाहावे. ते एकमेकांना ओळखत असतील, तर मधला निबंध बहुधा नीट वाटेने गेलेला असतो.

शास्त्राचा हा भाग कठीण वाटत असेल, तर कीर्तनाकडे पाहा. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एक अभंग निरूपणाला घेतात. मग उत्तररंगात आख्यान लागते. राजे, ऋषी, युद्धे, विनोद, सारे काही येऊन जाते. श्रोते त्या अभंगाला जवळजवळ विसरलेले असतात. आणि अखेरीस बुवा पुन्हा त्याच मूळ अभंगावर येतात. शब्द तेच, चाल तीच. पण आता मध्ये आख्यान घडून गेलेले असते, म्हणून तेच शब्द ऐकणाऱ्याला नव्याने कळतात. चांगला शेवट असा असतो. तो जेथून निघाला तेथेच येतो, पण रिकाम्या हाताने येत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. शेवट म्हणजे मधल्या मुद्द्यांची पुन्हा एकदा केलेली यादी नव्हे. ज्ञानेश्वरीचे उदाहरण घ्या. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवासे येथे अठरा अध्यायांचा तो ग्रंथ पूर्ण झाला. त्याचा शेवट पसायदानाने होतो, हे मराठी घरातील लहान मूलदेखील जाणते. त्या पसायदानात अठरा अध्यायांचा सारांश नाही. एवढा ज्ञानयज्ञ झाल्यावर आता काय मागावे, ते तेथे मागितले आहे, आणि तेही स्वतःपुरते न मागता सगळ्या विश्वासाठी. आपण ज्ञानेश्वर नाही, आणि परीक्षेतील निबंध म्हणजे ज्ञानेश्वरी नव्हे. पण एवढे सांगितल्यानंतर आता मला काय वाटते, हा प्रश्न त्या शेवटामागे आहे, आणि तो दहावीच्या मुलालाही स्वतःला विचारता येतो. माझ्या मते निबंधाच्या शेवटाचे सारे मर्म त्या एका प्रश्नात आहे.

आता शेवट बिघडतात कसे, ते पाहू.

पहिला दोष पाठांतराचा. त्याविषयी मी बोललेच आहे. पूर्वी तयार शेवट मार्गदर्शक पुस्तकांत मिळत. आज ते हातातल्या मोबाइलवर क्षणात मिळतात. पण उसना सदरा अंगाला बसत नाही, हे तपासणाऱ्याला दुरूनच दिसते. एकाच गठ्ठ्यातील वीस निबंधांना एकच शेवट असेल, तर तो शेवट वाचलाच जात नाही.

दुसरा दोष उपदेशाचा. निबंध संपत आला, की 'प्रत्येकाने असे केले पाहिजे', 'आपण सर्वांनी प्रतिज्ञा करू या' अशी वाक्ये येऊ लागतात. लिहिणारे मूल पंधरा वर्षांचे आणि वाचणारे शिक्षक पन्नाशीचे! कोणी कोणाला उपदेश करावा? प्रत्येकाने काय करावे हे सांगण्याऐवजी मी काय करीन हे सांगितले, तर तेच वाक्य खरे वाटू लागते.

तिसरा दोष नव्या मुद्द्याचा. घंटा होता होता एखादा विसरलेला मुद्दा आठवतो आणि तो शेवटच्या परिच्छेदात घुसतो. निरोप घेऊन पायऱ्या उतरलेला पाहुणा पुन्हा आत येऊन बसावा, तशी वाचणाऱ्याची स्थिती होते. आमच्या लहानपणी देवळात एक फादर प्रवचन करीत. मोठे प्रेमळ गृहस्थ. पण प्रवचनात ते 'शेवटी' हा शब्द निदान तीनदा उच्चारीत. पहिल्या 'शेवटी'ला आम्ही मुले सावरून बसत असू, दुसऱ्याला आमची चुळबूळ सुरू होई, आणि तिसरा 'शेवटी' आला तरी त्यावर आमचा विश्वास बसत नसे. शेवट एकदाच करावा, आणि तो केल्यावर थांबावे.

चौथा दोष भाषेचा, आणि तो आपल्या सीमाभागातील मुलांत मला विशेष आढळतो. आमच्या मुलांच्या घरात मराठी, बाजारात कन्नड, तर कोणाच्या आजीच्या तोंडी कोकणी. त्यामुळे पुस्तकी मराठी म्हणजे काही तरी परकी, सणासुदीला नेसावयाची वस्तू, असा त्यांचा समज होतो. सबंध निबंध ती साध्या, सरळ वाक्यांत लिहितात आणि शेवट आला, की एकदम 'अखिल मानवजातीच्या उत्कर्षार्थ' असे काही तरी अवतरते. मुलांनो, व्याकरण शुद्ध ठेवा, लेखन नीटनेटके ठेवा. पण शेवटासाठी निराळी भाषा शोधू नका. ज्या भाषेत म्हशीचे दावे सोडल्याचे सांगता आले, त्याच भाषेत निबंधही संपविता येतो.

दोष सांगणे सोपे असते. म्हणून काही उदाहरणे घेऊ.

'मोबाइल : शाप की वरदान?' हा विषय हल्ली नेहमी येतो. बहुतेक मुले लिहितात, 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात. त्याचप्रमाणे मोबाइल हा शापही आहे आणि वरदानही.' प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर मात्र दिले गेले नाही. वैचारिक निबंधाच्या शेवटी लिहिणाऱ्याने आपला कौल दिला पाहिजे, मग तो कोणताही असो. एखाद्याने असे लिहिले तर पाहा: 'मोबाइलने परगावच्या मामाला आमच्या जवळ आणले आणि शेजारच्या खोलीतील आजीला लांब नेले. दोष यंत्राचा नाही, आमचा आहे. म्हणून रात्रीच्या जेवणाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत ठेवावयाचा, एवढे तरी मी ठरविले आहे.' यात नाण्याच्या दोन्ही बाजू आल्या, निर्णयही आला, आणि तो निर्णय लिहिणाऱ्याने स्वतःपुरता घेतला.

आत्मवृत्तात मुले वस्तूला शेवटी मारून तरी टाकतात किंवा तिच्याकडून भाषण तरी करवितात. 'जुन्या छत्रीचे आत्मवृत्त' असेल, तर छत्री अखेरीस म्हणते, 'माणसांनो, वस्तूंची काळजी घ्या!' त्याऐवजी छत्रीलाच बोलू द्यावे: 'माझ्या काड्या मोडल्या आहेत. आता पाऊस मला केवळ कौलांवर ऐकू येतो. पण माळ्यावर ठेवण्यापूर्वी आजोबांनी माझी मूठ धोतराच्या सोग्याने पुसली होती, ते मला आठवते.' उपदेश नाही, आणि तरी जे सांगावयाचे ते सांगून झाले.

कल्पनाप्रधान निबंधाचा ठरीव शेवट म्हणजे स्वप्न. 'वीज नसती तर' या विषयावर पानभर कल्पना केल्यावर आई हाक मारते, डोळे उघडतात आणि सारे स्वप्न होते असे कळते. ही युक्ती वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे. कल्पनेतून परत यावयाचे खरे, पण येताना काही घेऊन यावे: 'संध्याकाळी दिवा लावताना माझा हात बटणावर क्षणभर थांबला. मग मी मागच्या खोलीतील उगाच जळणारा दिवा मालवून आलो.' एवढेही पुरे आहे.

या तिन्ही उदाहरणांत आपल्या एक गोष्ट लक्षात आली असेल. प्रत्येक शेवट दोन-तीन वाक्यांचा आहे, प्रत्येकात डोळ्यांसमोर येणारी एक तरी लहानशी गोष्ट आहे, आणि शेवटचे वाक्य आपल्या पायांवर उभे आहे. 'अशा प्रकारे' किंवा 'थोडक्यात सांगायचे तर' अशा शब्दांनी आता मी संपवीत आहे अशी दवंडी पिटण्याची गरज पडली नाही. सुविचार किंवा कवितेची ओळ शेवटी घालावी काय, असेही मुले विचारतात. ती ओळ निबंधाच्या विषयाशी खरोखर जोडलेली असेल आणि अचूक आठवत असेल, तर घालावी. चुकीची आठवलेली ओळ घालण्यापेक्षा आपले साधे वाक्य केव्हाही बरे.

आता वेळेचा हिशेब. निबंधासाठी आपण ३५ मिनिटे ठेवली आहेत असे धरू. त्यांतील पहिली पाच मिनिटे काहीही न लिहिता विचार करावा, आणि त्याच वेळी कच्च्या कामाच्या जागेत दोन गोष्टी टिपाव्या: आरंभ कशाने करणार, आणि शेवटी काय म्हणणार. शेवटाचे पूर्ण वाक्य नको. दोन-तीन शब्द पुरेत. बैलगाडी जुंपण्यापूर्वी कोणत्या गावी जावयाचे ते ठरलेले असले, की वाटेत फाटे फुटत नाहीत. पुढची पंचवीस मिनिटे लेखनाची. राहिलेल्या पाच मिनिटांत प्रथम आपला पहिला परिच्छेद पुन्हा वाचावा, मग शेवट लिहावा, आणि उरल्या क्षणांत काना-मात्रा पाहाव्या. लिहिता लिहिता मनातला शेवट बदलला, तर बदलू द्यावा. लिहिण्याने विचार पुढे गेला, याचीच ती खूण आहे.

आणि वेळ कमीच पडला तर? अशा वेळी मधला एक मुद्दा सोडून द्यावा, पण शेवट सोडू नये. चार मुद्द्यांतील एक गेला, तर तो कोणाच्या लक्षातही येत नाही. शेवट नसलेला निबंध मात्र छप्पर नसलेल्या घरासारखा रस्त्यावरूनही दिसतो. 'वेळ अपुरा पडल्यामुळे निबंध पूर्ण करता आला नाही' असे तर कधीच लिहू नये. त्या एका वाक्याच्या वेळात दोन ओळींचा प्रामाणिक शेवट लिहून होतो.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाने घरी निबंध लिहिला, की त्यातील शुद्धलेखन आपण पाहता, अक्षर पाहता. यापुढे एवढेच करा. पहिला परिच्छेद आणि शेवटचा परिच्छेद त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या आणि विचारा, "हे तुला खरेच असे वाटते का?" त्याने 'हो' म्हटले तर पाठ थोपटा. 'नाही' म्हटले तर रागावू नका. मग काय वाटते, ते त्याला सांगू द्या, आणि जे तो सांगेल तेच लिहावयास सांगा. तुम्हांला मराठी लिहिता येत नसले तरी हे काम करता येईल, कारण त्यासाठी फक्त ऐकावे लागते. गुण वाढतीलच असे आश्वासन मी देणार नाही. पण आपल्या मनातले शेवटपर्यंत सांगण्याची सवय मुलाला लागली, तर ती परीक्षेपुरती राहणार नाही. पुढे अर्ज लिहिताना, सभेत बोलताना, भांडण मिटविताना, माणसाला शेवटी नेमके काय म्हणावयाचे आहे ते कळावे लागते.

आता त्या मुलीचे सांगते. मी तिची उत्तरपत्रिका तिच्यापुढे ठेवली आणि शेवटचे वाक्य खोडून, त्या जागी जे वाटते ते लिही, असे म्हटले. ती पुष्कळ वेळ पेन हातात धरून बसली. मधली सुट्टी संपत आली. मग तिने दोन वाक्ये लिहिली आणि कागद माझ्याकडे सरकविला. 'पूर्वी पावसाचा आवाज आला, की मी खिडकीशी धावत असे. आता मी आधी उंबरा बघते.'

तेवढ्यात वर्ग भरल्याची घंटा झाली, आणि ती वही उचलून वर्गाकडे धावली. मी लाल पेन हातात घेऊन तशीच बसून राहिले. त्या दोन वाक्यांखाली कोणती खूण करावी, ते मला सुचेना.